नको ते कापताना

रोह्याकडे जाणारी गाडी नागोठणे सोडल्यावर निडीला थांबते. २००५ च्या गणपतीत मी त्या बाजूला आत्याकडे गेलो, तेव्हा खिशातल्या पेनड्राइव्हवर आमच्या घराण्याची वंशावळ होती. महिनाभर खपून ती मी युनिकोडमध्ये, मराठीत टाइप केली होती. आतेभावाने नुकताच जुळणी करून घेतलेला संगणक आणला होता. आत्या चष्मा पुसून समोर बसली. फाइल उघडली आणि पणजोबांपासून नातवंडांपर्यंत प्रत्येकाच्या नावाच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग उभी राहिली.

"सगळ्यांची नावं एकसारखीच कशी रे?" आत्याने विचारले.

विंडोज एक्स्पीत देवनागरीची सोय होती, पण इंग्रजी आवृत्तीत ती मुळात बंद असे. कंट्रोल पॅनेलमधल्या भाषांच्या पानावर एका चौकटीत खूण करायची, संगणक मूळ सीडी मागे, ती घातली की 'मंगल' हा फाँट आणि मात्रा-वेलांट्या जागेवर बसवण्यासाठी लागणाऱ्या फाइली उतरत. आम्ही खूण केली, दुकानदाराने दिलेली सीडी घातली. त्या फाइली सीडीवरच नव्हत्या! संगणकाची मेमरी बेताची, म्हणून दुकानदाराने कुणीतरी छाटून हलकी केलेली विंडोज त्यावर चढवली होती. (ती परवान्याची होती का, हा प्रश्न तेव्हा सहसा कुणी विचारत नसे.)

ही छाटणी म्हणजे निव्वळ पोरांची हौस नव्हती. तिच्यामागे एक मोठे भांडण होते. जून १९९८ मध्ये विंडोज ९८ बाजारात आली, तेव्हा इंटरनेट एक्सप्लोरर तिच्यात असा गुंफला होता की, साधे फोल्डर उघडले तरी तो कामाला लागे. आणि प्रोग्रॅम काढून टाकण्याच्या यादीत त्याचे नावच नव्हते. त्याआधीच, १८ मे रोजी, अमेरिकी सरकार आणि अनेक राज्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध न्यायालयात गेली होती. कंपनीचे म्हणणे असे की, ब्राउझर हा विंडोजचाच अवयव आहे, तो काढला तर शरीर दुबळे होईल. प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांनी ब्राउझर बाजूला सारणारा एक प्रोग्रॅमच सरकारच्या बाजूने पुढे ठेवला. फेब्रुवारी १९९९ मध्ये कंपनीने तो चालवल्यावर विंडोज कशी रडत-रखडत चालते, याची चित्रफीत कोर्टात दाखवली. सरकारचे वकील डेव्हिड बॉइस यांनी खिडकीच्या माथ्यावरचे शीर्षक दाखवून विचारले की, या संगणकावर तो प्रोग्रॅम खरोखर चालवला होता का? कंपनीची भर कोर्टात चांगलीच फजिती झाली.

त्याच सुमारास शेन ब्रूक्स नावाच्या संशोधकाने '९८लाइट' तयार केले. त्याची युक्ती गावठी म्हणावी इतकी सरळ होती. विंडोज ९५ च्या सीडीवरून जुना एक्सप्लोरर आणि त्याच्या दोन सोबती फाइली उचलायच्या आणि ९८ मध्ये बसवायच्या. घर नवे, ओसरी जुनी. फोल्डर झटकन उघडू लागत, डिस्कवर जागा मोकळी होई. विंडोज ९८ ला किमान १६ एमबी मेमरी लागे आणि तेवढ्यावर ती कुंथत चाले, हे ज्यांनी सोसले आहे त्यांना या सुखाची किंमत सांगायला नको. तोटाही होता: पाने मांडणारा ब्राउझरचा तोच भाग इतर प्रोग्रॅमही उसना घेत, म्हणून तो मुळासकट काढला की, कुणाची 'हेल्प' उघडेना, कुणाचे आणखी काही अडे.

खटल्यात अपील न्यायालयाने जून २००१ मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश रद्द केला; पण ब्राउझर काढण्याची सोय न देणे आणि त्याचा कोड विंडोजच्या कोडमध्ये कालवणे बेकायदा, हे मत कायम ठेवले. मला स्वतःला हा निकाल रास्त वाटतो. विकत घेतलेल्या यंत्रात काय ठेवायचे, हे मालकाने ठरवावे.

पण गंमत अशी की, देवनागरीची जोडाक्षरे जुळवणारा 'युनिस्क्राइब' हा भाग विंडोज २००० बरोबर तसाच १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबरही आला. अमेरिकेत ज्याला ओझे म्हणत होते, त्याच ओझ्यातून युनिकोड मराठी आपल्या घरी येत होती. ज्यांनी ओझे लादले त्यांच्या डोळ्यांसमोर मराठी नव्हती, ज्यांनी कापले त्यांच्याही नव्हती.

एक्स्पीच्या काळात 'एनलाइट' आले. त्याने छाटणी विंडोज बसवण्याआधी, सीडीच्या फाइलींवरच करता येई. समोर यादी येई: ड्रायव्हर, मीडिया प्लेअर, आउटलुक एक्सप्रेस, खेळ, भाषा. इंग्रजीवर ज्याचे भागते, तो भाषांवर आधी काट मारणार. आमच्या दुकानदाराला दोष देण्यातही अर्थ नव्हता. तो लग्नपत्रिका छापी, त्याही मराठीत, पण श्रीलिपीवर. श्रीलिपीसारखे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवून काम भागवत, त्यांना विंडोजकडून युनिस्क्राइब वगैरे काही लागत नसे. त्याच्या पडद्यावर मराठी झकास दिसत होती. आपण काय कापले, हे त्याला कळावे कसे?

पुढे व्हिस्टा आली, २००७ साली. तिच्यात भारतीय लिपी आपोआप सुरू असत, खूण करायची भानगडच संपली. युरोपातल्या लोकांना तर २०२४ पासून विंडोजमधला एज ब्राउझर रीतसर काढून टाकता येऊ लागला, तेही तिथल्या कायद्याच्या धाकाने.

त्या गणपतीत मात्र वंशावळ वाचलीच गेली नाही. दिवाळीत मूळ, न छाटलेली सीडी घेऊन पुन्हा गेलो, विंडोज नव्याने बसवली, चौकटीत खूण केली. चौकोनांच्या जागी नावे आली. आत्या बराच वेळ पडद्याजवळ वाकून बघत होती. मग म्हणाली, "काशिनाथकाकांची पहिली वेलांटी र्‍हस्व हवी. तू दीर्घ काढलीयस."