विमानाचा दाखला

टेंभुर्णीच्या शाळेतला मुलगा वडिलांच्या बदलीमुळे जालन्याच्या शाळेत जातो, तेव्हा गुरुजी त्याच्याबरोबर दाखला देतात. पण तेवढ्याने काम संपते काय? नव्या शाळेत अपूर्णांक दिवाळीपूर्वीच शिकवून झाले असतील आणि इकडे ते पुढे व्हायचे असतील, तर पोराचे अपूर्णांक मधल्यामध्येच राहतात. विमानाचेही असेच होते, बरे का!

१७ एप्रिल २०१९ रोजी मुंबईच्या जेट एअरवेज कंपनीची उड्डाणे थांबली. तिची पुष्कळशी विमाने भाड्याची होती. त्यांपैकी काही बोइंग ७३७ विमाने त्याच वर्षी स्पाइसजेटकडे गेली. रंग बदलला, नाव बदलले. पण प्रत्येक कंपनीचे देखभालीचे वेळापत्रक निराळे. त्याला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मंजुरी लागते. तेव्हा विमान एका वेळापत्रकातून दुसऱ्यात न्यावे लागते, आणि खरी मेख येथेच आहे.

ट्रॅक्टरवरचे तासांचे मीटर आठवा. समजा, एक तपासणी जुन्या कंपनीत दर ६०० तासांनी होई, नव्या कंपनीत ती दर ५०० तासांनी होते. शेवटची तपासणी होऊन ५५० तास झाले आहेत. काल या विमानाला ५० तासांची सवड होती. आज तेच विमान ५० तासांनी मागे पडले! एकही स्क्रू ढिला झालेला नाही, फक्त वही बदलली. ‘आजपासून नवे मोजू’ म्हणणारा मनुष्य मात्र ते १०५० तास तपासणीविना उडवील. म्हणून मोजणी मागच्या तपासणीपासूनच चालू ठेवतात, दोन्ही वेळापत्रके कलमवार ताडतात, आणि मध्ये राहिलेले काम आधी उरकून घेतात. कारागीर हिला ब्रिजिंग चेक म्हणतात. आपण सांधेजोड तपासणी म्हणू.

मोजायचे तरी काय? तास, दिवस आणि उड्डाणांची संख्या. वर चढताना विमानाच्या पोटात हवेचा दाब धरतात, उतरताना सोडतात. पत्रा दर खेपेस ताणतो, सैल होतो. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या एका ७३७ विमानाचे छप्पर आकाशातच फाटले. एक हवाई सेविका प्राणास मुकली. बेटाबेटांमधल्या आखूड पल्ल्यांमुळे त्याची उड्डाणे ८९ हजारांवर गेली होती. नुसते तास पाहून हे ध्यानात येत नाही.

आणि कागदच हरवले तर? इंजिनातल्या काही फिरत्या तबकड्यांचे आयुष्य उड्डाणांवर ठरलेले असते. त्यांचा जन्मापासूनचा हिशेब मिळाला नाही, तर त्या उतरवाव्याच लागतात, मग त्या कितीही चकचकीत दिसोत.