भाड्याचा पहारा

दिवाळी सरता सरता बारामती आणि इंदापूर तालुक्यांतले रस्ते उसाच्या वाहनांनी भरू लागतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती अशा कारखान्यांवर तोडणीच्या टोळ्या उतरतात, वजनकाट्यापुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, आणि गव्हाणीत पहिली मोळी पडली की पुढचे चार-पाच महिने दिवसरात्र एकच होते. या काळात काट्यावर, गाडीतळावर आणि गोदामाच्या दारावर जितके डोळे लागतात, तितके श्रावणात लागत नाहीत. बारामतीच्या किंवा लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखानदाराची अडचण वेगळी दिसते, पण जात तीच. मोठ्या कंपनीचे दोन वर्षांचे काम मिळावे, आणि तिने तुमचे संगणक सुरक्षित असल्याची खात्री मागावी. कॅमेरे, त्यांचे चित्रण साठवणारा रेकॉर्डर, राउटर, स्विच, आत-बाहेर जाणारी माहिती तपासणारी फायरवॉल, एवढे सगळे विकत घ्यायचे की भाड्याने आणायचे?

हिशेबाचा भाग सोपा आहे. समजा, एका संचाची किंमत ६० हजार रुपये आणि भाडे महिना अडीच हजार. पाच महिन्यांच्या हंगामाला साडेबारा हजार लागतील. २४ महिन्यांत भाडे किमतीला गाठील आणि पुढे प्रत्येक महिना तोट्याचा. यात फायरवॉलचा वार्षिक परवाना मात्र विसरू नये. नव्या धोक्यांची ओळख तिला त्या परवान्यातून मिळत राहते. तो संपला की फायरवॉल चालू राहते, पण गावात नव्याने आलेला चोर तिला ओळखता येत नाही. भाड्यात परवाना धरला आहे का, हे न विचारता केलेली तुलना फसवी ठरते.

यंत्र भाड्याचे आणि मालकी कंपनीची, ही पद्धत संगणकाइतकीच जुनी आहे. आयबीएम आपली यंत्रे विकतच नसे, फक्त भाड्याने देई. १९५६ साली अमेरिकी सरकारबरोबर झालेल्या तडजोडीने तिला विक्रीचा पर्याय खुला करावा लागला. भारतात तिने परदेशात वापरून झालेली १४०१ यंत्रे दुरुस्त करून भाड्याने दिली, त्यावर टीका झाली, आणि १९७८मध्ये तिने देश सोडला. घरातला जड काळा टेलिफोनही आपला नव्हता, खात्याचा होता. आपण भाडे भरत होतो. पण त्या टेलिफोनला आपले बोलणे आठवत नसे. आजच्या भाड्याच्या यंत्राला आठवते, आणि खरी गुंतागुंत इथून सुरू होते.

लग्नाला भाड्याने आणलेली पातेली घासून, मोजून परत जातात. कोणत्या घरची डाळ शिजली होती, हे पातेल्याला सांगता येत नाही. राउटर परत जातो तेव्हा मात्र कार्यालयातल्या जोडण्यांचा नकाशा, दूरच्या शाखेत शिरण्याच्या किल्ल्या, वायफायचा पासवर्ड असे बरेच काही त्याच्या पोटात राहू शकते. ईसेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी १८ जुने राउटर बाजारातून विकत घेऊन तपासले आणि २०२३मध्ये निष्कर्ष मांडले. निम्म्याहून अधिक यंत्रांत आधीच्या मालकांची संवेदनशील माहिती जशीच्या तशी होती. ती यंत्रे विकलेली होती, एकदाच हात बदललेली. भाड्याचे यंत्र तर दर हंगामाला हात बदलते. नुसते बंद करून चालू केल्याने ही माहिती जात नाही. यंत्र कारखान्यातून निघाले त्या स्थितीला न्यावे लागते, आणि रेकॉर्डरची डिस्क वेगळी पुसावी लागते.

उलट दिशेचा धोकाही तेवढाच आहे: आधीच्या भाडेकरूने किंवा देणाऱ्याने ठेवलेली किल्ली. ऑक्टोबर २०१६मध्ये ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत काही तास अडखळल्या. हल्ल्याला जुंपलेल्या यंत्रांत साधे कॅमेरे आणि रेकॉर्डर मोठ्या संख्येने होते. ‘मिराई’ नावाच्या त्या प्रोग्रामकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या. ज्यांनी त्या बदलल्या नव्हत्या, त्यांचे कॅमेरे त्याने ताब्यात घेतले. भाड्याच्या यंत्रांत देणारा अनेकदा दुरून देखभाल करण्यासाठी एक वाट स्वतःकडे ठेवतो. सोय म्हणून ती वाईट नाही. पण गोदामाचा पहारेकरी ज्याच्या हाकेला उठतो तो माणूस पुण्यात बसलेला आहे, आणि तीच हाक तो आणखी पन्नास ठिकाणी वापरतो, असे असेल तर पहारा कोणाचा म्हणायचा?

कायद्याने याचा थोडा विचार फार पूर्वी करून ठेवला आहे. १८७२च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम १५०मध्ये भाड्याच्या घोडागाडीचे उदाहरण आहे. गाडी सदोष निघाली आणि भाडेकरूला इजा झाली, तर दोष ठाऊक नव्हता असे म्हणून मालकाला सुटता येत नाही. फुकट उसनी दिलेल्या वस्तूला एवढा कडक नियम नाही, भाड्याच्या वस्तूला आहे. जुनी, दुबळी प्रणाली असलेला राउटर या घोडागाडीचाच वंशज मानावा, असे मला वाटते. कलम १५२ भाडेकरूच्या बाजूचे आहे. शहाण्या माणसाइतकी काळजी घेऊनही वस्तू बिघडली, तर भरपाई त्याच्या माथी येत नाही. मात्र करारात वेगळे लिहिले नसेल तरच. उघड्यावरच्या खांबापासून तांब्याच्या तारेने आत आलेला कॅमेरा वळवाच्या विजेने जळू शकतो, आणि कधी कधी स्विचही सोबत नेतो. तेव्हा ‘नैसर्गिक कारणाने झालेले नुकसान ग्राहकाचे’ अशी बारीक अक्षरांतली ओळ करारात आहे का, हे मे महिन्याआधी वाचलेले बरे.

एक नियम तर हंगामी भाड्याला थेट आडवा येतो. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संगणकीय यंत्रणांच्या नोंदी सलग १८० दिवस जपाव्या लागतात, आणि ठरावीक प्रकारचे सायबर हल्ले लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावे लागतात. लघु-मध्यम उद्योगांना त्याच वर्षीच्या २५ सप्टेंबरपर्यंत मुदत होती, ती कधीच संपली. आता ऊस मार्चमध्ये आटोपला आणि फायरवॉल एप्रिलमध्ये परत गेली, तर जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदी कुठे असतील? त्या यंत्रातच ठेवल्या असतील तर यंत्राबरोबर गेल्या, किंवा नीट पुसल्या असतील तर कायमच्या गेल्या. वर सांगितलेला पुसण्याचा सल्ला आणि हा नियम एकमेकांशी भांडतात. तोड एकच: नोंदी पहिल्या दिवसापासून स्वतःच्या मालकीच्या संगणकावरही उतरत राहिल्या पाहिजेत. हे काम परतीच्या दिवशी घाईत करू नये.

परतीच्या दिवसाची कामे उरतात ती अशी. यंत्रांचे क्रमांक दोघांनी मिळून ताडायचे, पुसण्याचे काम आपल्या माणसासमोर करून घ्यायचे आणि त्याची लेखी पावती घ्यायची, शाखेच्या जोडण्यांचे पासवर्ड त्याच संध्याकाळी बदलायचे. भाडे कोणत्या दिवशी थांबते, तेही आधी ठरवलेले असावे: तुम्ही कळवले त्या दिवशी, की त्यांची गाडी येऊन यंत्र घेऊन गेली त्या दिवशी? गाडी जूनमध्ये आली, तर गाडीतळावरच्या रिकाम्या खांबाकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्याचेही दोन महिन्यांचे भाडे लागते.