टीए म्हणजे कायमची नोकरी नव्हे

कोल्हापूरच्या 109 टीए बटालियनची भरती निघाली की पोरं आदल्या रात्रीच मुक्कामाला येतात. उजाडता उजाडता 1600 मीटरची धाव, मग बीम, नऊ फुटी खड्डा, शेवटी मेडिकल. रांगेतल्या कुणालाही कशासाठी आलास विचारा; "आर्मीत पर्मनंट लागायचंय," हेच उत्तर बहुतेकदा मिळतं. या पोरांच्या जिद्दीबद्दल शंकाच नाही. संताप येतो तो त्यांच्याकडून फी घेऊनही ही समजूत दुरुस्त न करणाऱ्या भरती अकादम्यांचा.

प्रादेशिक सेना, म्हणजेच टीए, ही पूर्णवेळ नोकरी नाही. हे टीए स्वतःच्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिते: प्रादेशिक सेना पूर्णवेळ करिअर देत नाही, आणि भरती होण्यासाठी नोकरी किंवा स्वतःचा व्यवसाय असणं ही पूर्वअट आहे. प्रादेशिक सेनेचा कायदा 1948 चा. 9 ऑक्टोबर 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. कल्पना तेव्हापासून तीच आहे. माणसानं आपला कामधंदा सांभाळायचा, दरवर्षी ठरावीक काळ प्रशिक्षण घ्यायचं आणि देशाला गरज पडली की वर्दी चढवून हजर व्हायचं.

पगाराचं गणितही त्यावरच चालतं. प्रशिक्षणाला किंवा सेवेला बोलावलं असेल, तेवढ्या काळाचा पगार आणि भत्ते नियमित सैन्याप्रमाणे मिळतात. घरी परत पाठवलं की पगार थांबतो. पेन्शनसाठी जवानाला 15 वर्षं आणि अधिकाऱ्याला 20 वर्षं प्रत्यक्ष सेवा भरावी लागते. वर्षाला दोन महिन्यांचं प्रशिक्षण हीच सगळी सेवा धरली, तर 15 वर्षं भरायला 90 वर्षं लागतील! काही बटालियन काश्मीरसारख्या भागात दीर्घकाळ तैनात असतात. तिथल्या जवानांची सेवा भरते आणि पेन्शनही मिळते. पण ती तैनाती सरकारच्या गरजेवर ठरते, जवानाच्या मागणीवर नाही. त्या भरवशावर हातातली नोकरी सोडणं किंवा घर चालवण्याचा हिशेब मांडणं धोक्याचं आहे.

आता याच्या अगदी उलटा समज. टीए म्हणजे हौशी लोकांची शनिवार-रविवारची परेड, लढाई खऱ्या सैन्यानं करायची. हे साफ खोटं आहे. 1962, 1965 आणि 1971 या तिन्ही युद्धांत टीएच्या तुकड्या होत्या. श्रीलंकेतल्या 'ऑपरेशन पवन'मध्येही होत्या. मे 2025 मध्ये पाकिस्तानशी तणाव पेटला, तेव्हा टीएला बोलावण्याचे अधिकार केंद्रानं लष्करप्रमुखांना दिले आणि 32 पायदळ बटालियनपैकी 14 तैनात करण्यास मंजुरी दिली. सही करताना घरच्यांना हे सांगितलेलं असावं.

क्रिकेटपटू धोनीमुळे आणखी एक घोळ झाला आहे. त्याला 2011 मध्ये मिळालेली लेफ्टनंट कर्नलची रँक मानद आहे. नंतर तो पॅराशूट प्रशिक्षण पुरं करून 106 टीए पॅरा बटालियनबरोबर काश्मीरमध्ये राहिला, हे त्याचं मोठेपण. पण सामान्य उमेदवाराला तो रस्ता नाही. सचिन पायलट आणि अनुराग ठाकूर खासदार असताना निवड प्रक्रियेतून आले आणि लेफ्टनंट झाले. अधिकारी व्हायचं तर पदवी, उत्पन्नाचं साधन आणि 18 ते 42 वय हवं. पुढे लेखी परीक्षा, मुलाखत, एसएसबी (सेवा निवड मंडळ) आणि मेडिकल.

मुलींना टीएत जागा नाही, हा समज दिल्ली उच्च न्यायालयानं 2018 मध्येच मोडीत काढला.

"बोलावणं आलं तर कंपनी काढून टाकेल," ही भीती मात्र समजण्यासारखी आहे. त्यावर कायद्यात तोडगा आहे: सेवेवरून परतलेल्या माणसाला मालकानं पुन्हा कामावर घ्यायचं असतं, आणि नकार मिळाला तर दाद मागता येते. रुजू होण्याआधीच टीएत भरती होत असल्याचं मालकाला लेखी कळवून पोच घेतलेली बरी.