'सॉर्टेक्स' डाळ म्हणजे नेमकं काय?

बीडमध्ये तूरडाळ पॅकिंगचा धंदा सुरू करताय? मग हा शब्द आधी समजून घ्या. सॉर्टेक्स हे मूळचं एका ब्रिटिश कंपनीचं नाव. आता कलर सॉर्टर मशीनवर निवडलेल्या मालालाच तसं म्हणतात. डाळ घसरत खाली येते, कॅमेरा दाणा न दाणा बघतो. डागी दाणा किंवा खडा दिसला की हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो.

पण कॅमेऱ्याला दिसतं ते रंगरूप. डाळ शिजेल का, हे त्याला कळत नाही. माझ्याकडे एकदा चकचकीत पोतं आलं. शिजत नाही म्हणून गिऱ्हाईकांनी डाळ परत आणली. तेव्हापासून मूठभर शिजवून बघतो, मगच माल उचलतो.

आणि लगेच मशीन घेऊ नका. लातूर जवळच आहे; तिथल्या मिलचा सॉर्टेक्स माल घ्या, आधी गिऱ्हाईक जोडा.