तुर्की सिनेमाच्या वाटेवर : लॉजमधला टीव्ही

‘मासुमियेत’ पाहून एका वाचकाने विचारलंय : त्यातल्या कळकट लॉजमध्ये टीव्ही सतत का चालू असतो? माणसं गप्प, आणि टीव्हीचं मात्र रडणं-ओरडणं थांबत नाही. माझ्या मते दिग्दर्शक झेकी देमिरकुबुझच्या या चित्रपटात शिरण्याचा खरा रस्ता तिथूनच जातो.

त्या टीव्हीवर येशिलचामचे जुने चित्रपट लागलेले असतात. इस्तंबूलमधल्या ज्या रस्त्यावर निर्मात्यांची ऑफिसं होती, त्याचंच नाव तिथल्या धंदेवाईक सिनेमाला पडलं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे वर्षाला तीनशेच्या घरात चित्रपट निघत. सोशिक नायिका, ताटातूट, तुरुंग, शेवटी न्याय. हे अश्रू आपल्या ओळखीचे आहेत. राज कपूरचा ‘आवारा’ तिथे तुफान चालला होता, 1964 मध्ये त्याचा तुर्की अवतारही निघाला. पुढे टीव्हीमुळे तो धंदा बसला आणि 1990 नंतर खासगी वाहिन्यांवर तेच चित्रपट घरोघरी फिरू लागले.

आता त्या टीव्हीसमोर कोण बसलंय ते पाहा. शिक्षा संपली तरी तुरुंगातच राहू द्या म्हणणारा युसुफ. प्रियकर झागोर ज्या तुरुंगात असेल त्या गावी मुक्काम हलवणारी, क्लबात गाऊन आणि शरीर विकून जगणारी उऊर. घरदार सोडून वर्षानुवर्षं तिच्या मागे फिरणारा बेकिर. आणि तिची मूकबधिर मुलगी चिलेम. यातल्या प्रत्येकाची कहाणी पडद्यावरच्या रडक्या चित्रपटात सहज खपली असती. देमिरकुबुझ त्या चित्रपटांची टिंगल करत नाही. त्यांच्यातलं दुःख तो खरं मानतो, फक्त शेवटचा न्याय काढून घेतो. 1980 च्या लष्करी उठावानंतर किशोरवयातच तो स्वतः तुरुंगात होता. सुटून आलेल्या माणसाला बाहेर काय मिळतं, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

म्हणूनच बेकिर युसुफला आपली आणि उऊरची गोष्ट सांगतो, त्या लांबलचक कथनाला एवढं वजन आहे. येशिलचामने तिथे फ्लॅशबॅक, गाणं, पाऊस, सगळं दिलं असतं. इथे मोकळ्या जागेत बसलेला, बेकिर झालेला हालुक बिल्गिनेर बोलतो, युसुफ ऐकतो आणि कॅमेरा जागचा हलत नाही. पैसे नव्हते हे उघड आहे. पण पैसे असते तरी हा प्रसंग यापेक्षा चांगला झाला नसता. दाखवलेलं दुःख बघून आपण मोकळे होतो, ऐकलेल्या दुःखाची चित्रं मात्र आपल्यालाच काढावी लागतात. पुढे बेकिर स्वतःवर गोळी झाडतो आणि त्याच्या जागी युसुफ उऊरच्या मागे चालू लागतो. ज्याने ही गोष्ट ऐकली तोच तिच्यात अडकतो. टीव्हीवरच्या गोष्टीला निदान ‘समाप्त’ची पाटी तरी असते.

बेकिरने जे नुसतं सांगितलं, ते नऊ वर्षांनी, 2006 मध्ये, देमिरकुबुझने ‘कादेर’ या चित्रपटात दाखवलं. कथा आधीची असली तरी ‘कादेर’ आधी पाहू नका. ‘मासुमियेत’ राहिला असेल तर या आठवड्यात पाहून घ्या, आणि बेकिर बोलत असताना मोबाइल बाजूला ठेवा.