कामाची जागा आणि माणसाच्या सवयी

मालेगाव किंवा भिवंडीच्या एखाद्या गल्लीतून तुम्ही कधी गेला आहात काय? दिवस असो की रात्र, 'खटखट, खटखट' असा आवाज कानांवर पडतोच. हा यंत्रमागांचा आवाज. तुमच्यापैकी काहींचे अब्बा, चाचा किंवा मोठे भाऊ यंत्रमागावर काम करीत असतील. या कामाचा माणसाच्या सवयींशी काय संबंध आहे, ते आपण पाहू.

तंबाखू खाऊ नये, विडी ओढू नये, भरपूर पाणी प्यावे, वेळेवर जेवावे, पुरेशी झोप घ्यावी, हे नियम सर्वांना ठाऊक आहेत. मागावरच्या कामगारालाही ते ठाऊक असतात. मग तो ते का पाळत नाही? 'त्याला समजत नाही,' असे आपण चटकन म्हणतो. परंतु थोडा वेळ त्याच्या जागी उभे राहून पाहा.

यंत्रमागावरची पाळी बहुधा बारा तासांची असते. एकाच कामगाराला एका वेळी अनेक माग सांभाळावे लागतात. मजुरी कापडाच्या मीटरवर मिळते. माग जितका वेळ बंद, तितके कापड कमी आणि तितकी मजुरीही कमी. अशा वेळी पाणी पिण्यासाठी किंवा लघवीसाठी बाहेर जाणेसुद्धा महाग पडते. म्हणून कामगार पाणी कमी पितो, लघवी रोखून धरतो आणि घाईघाईने चार घास खातो. उकाड्यात घाम खूप येतो. पाणी मात्र पोटात जात नाही. त्यामुळे मूतखड्याचा त्रास होण्याची शक्यता वाढते.

रातपाळीचे दुःख निराळेच असते. रात्री झोपावे असे शरीराला वाटते, पण डोळे धाग्यावर ठेवावे लागतात. तंबाखूतील निकोटिन थोडा वेळ तरतरी आणते व भूक मारते. झोप घालवण्यासाठी धरलेली तंबाखू पुढे सुटत नाही. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली. ती योग्यच होती, परंतु बंदीने अपुरी झोप भरून निघत नाही.

कारखान्यात सुताचे बारीक तंतू हवेत उडत असतात. ते श्वासाबरोबर फुप्फुसांत जातात. वर्षानुवर्षे कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांना 'बिसिनोसिस' नावाचा विकार होऊ शकतो. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते, ही त्याची खूण आहे. विडी ओढणाऱ्याला हा धोका अधिक असतो. गूळ खाल्ला की धूळ निघून जाते, असे काही जण मानतात. पण गूळ जातो पोटात आणि धूळ बसते फुप्फुसांत! नाकातोंडावर कापड बांधले तर धूळ काहीशी अडते. पण कोंदट खोलीत बारा तास कापड बांधून राहणे कोणाला जमेल?

यावर उपाय नाही काय? आहे. 1948 साली झालेल्या कारखाने कायद्यात पिण्याचे पाणी, शौचालय, धूळ बाहेर काढण्याची सोय आणि सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, अशा तरतुदी होत्या. परंतु यंत्रमागाचे पुष्कळ कारखाने लहान असतात. तेथपर्यंत कायदा क्वचितच पोहोचला. मागाजवळ पाण्याचा माठ, भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा, जेवणाच्या वेळी माग सांभाळणारा बदली माणूस, एवढे झाले तरी कित्येक सवयी सुधारतील.

याचा अर्थ माणसाची स्वतःची काहीच जबाबदारी नाही, असा नाही. विडी विझवायची ती त्यालाच. परंतु मालकाने कामाची जागा सुधारली, तर ते काम त्याला सोपे जाईल.

आणि तुम्ही? रातपाळी करून आलेले अब्बा दिवसा झोपले असतील, तर घरात शांतता ठेवा. कामावर निघताना त्यांच्या हातात पाण्याची बाटली द्या. तंबाखू सोडा, असे जरूर सांगा. पण सांगण्यापूर्वी एकदा विचारा, "अब्बा, आज जेवायला वेळ मिळाला का?"