वखारीचे लाकूड आणि वाळवी

जोंधळ्याचे दाणे तळहातावर घेऊन पाहिल्यावाचून आपण सौदा करीत नाही. परंतु तोच माल ज्या फळ्यांवर रचावयाचा, त्यांचे लाकूड केवळ नावावर विसंबून घेतो. या चुकीची किंमत आमच्या पेढीने एकदा मोजली आहे. नव्या वखारीत पोत्यांखाली घालण्यासाठी सागवान म्हणून फळ्या घेतल्या. दोन पावसाळ्यांनंतर थप्पी हलविली, तो खालच्या थराचे बारदान मातीस मिळालेले आणि फळ्या आतून पोकळ! वाळवीस दोष देऊन काय उपयोग? पारख आम्हीच केली नव्हती.

सागवानास वाळवी सहसा लागत नाही हे खरे. पण हा गुण गाभ्याचा आहे. झाड वाढताना खोडाचा आतील भाग निर्जीव होतो व त्यात वाळवीस न मानवणारी द्रव्ये साठतात. बाहेरील फिकट भागात मात्र अन्नरस असतो. तो सागाचा असला तरी वाळवी खाते. आमच्या फळ्या याच भागाच्या होत्या. सबब फळीची टोके पाहून सोनेरी-तपकिरी गाभा घ्यावा व पांढरट कडा तासून टाकावी. शिसव, बिबला व खैर यांचा गाभाही टिकाऊ असतो. आंबा व सावर यांचे लाकूड जमिनीलगत वापरू नये.

लाकूड उत्तम असले तरी मांडणी चुकता कामा नये. जमिनीतील वाळवीस ओल लागते. ती मातीच्या नळ्या बांधून वर चढते. म्हणून फळ्या दगडी ठोकळ्यांवर ठेवाव्यात, थप्पी भिंतीपासून हातभर दूर असावी व छप्पर गळू देऊ नये. असे केल्यास धान्याजवळ विष वापरण्याची आणि त्यायोगे होणाऱ्या जीवहिंसेची वेळ सहसा येत नाही.

शेवटी एक विनंती. सागाचा गाभा भरण्यास अनेक दशके लागतात; कोवळ्या झाडात तो थोडाच असतो. ज्या सभासदांची शेती आहे त्यांनी बांधावर साग, बिबला, कडुनिंब लावावेत आणि तोडण्याची घाई करू नये. तेथील पालापाचोळा व वठलेल्या फांद्या वाळवी खाईल, तर खाऊ द्यावी. त्याचीच पुढे माती होते. आपल्या वाडवडिलांच्या घरांतील तुळया अद्याप उभ्या आहेत, त्या कोणी तरी वाढू दिलेल्या झाडांच्याच होत. नातवंडांच्या घरांसाठी ते काम आता आपले आहे.